नमद्याला पाडलेलं भोक

सुट्टीत सोंग-कुलच्या कुरणांवर शाळा नसते.
शाळेची बाई मात्र असते,
कारण तिच्या सासरच्याही मेंढ्या असतात.
मग दुपारी, घोड्यांची धार काढून झाली
की नऊ पोरं माझ्या तंबूत येतात,
आणि एक कुत्रा,
ज्याला तीनचा पाढा येतो असं तिलेक म्हणतो.

त्या दिवशी छताचं गोल तोंड मी झाकून टाकलं,
फटींत घोंगड्या कोंबल्या,
आणि दाराच्या नमद्याला सुरीनं
एका सोमच्या नाण्याएवढं भोक पाडलं.
सासू बाहेरून म्हणाली,
"मोठा उजेड पाडलास!"

आत मिट्ट काळोख.
कुणीतरी कुणाला चिमटा काढला.
"थांबा," म्हटलं, "डोळ्यांना वेळ लागतो."
आणि समोर टांगलेल्या चादरीवर
हळूहळू, दुधावर साय धरावी तसा,
डोंगर आला.
उलटा.
शिखरं खाली, तळं वर,
तळ्याच्याही वर कुरण,
आणि कुरणाला खूर चिकटवून
लटकलेल्या घोड्या,
शेपटीनं माश्या हाकत.

मी सांगितलं: उजेड सरळ चालतो,
त्याला वळसे घालता येत नाहीत.
शिखरावरून निघालेला भोकातून खाली उतरतो,
पायथ्याकडून निघालेला वर चढतो,
भोकात दोघांची फुली होते.
तिलेक डोकं जमिनीला टेकून, पाय वर करून म्हणाला,
"आता बरोबर आहे."

गुलझात हसली नाही.
तिची आई तीन वर्षं झाली मॉस्कोत
कुठल्याशा दवाखान्याच्या फरश्या पुसते.
या उन्हाळ्यात येईन म्हणाली होती.
मागच्याही म्हणाली होती.

चादरीच्या कडेनं एक ठिपका आत सरकला.
घोडा.
घोड्यावर काहीतरी तांबडं.
"बाई, चेहरा दिसत नाही," गुलझात म्हणाली,
"भोक मोठं करा."

बारा वर्षं मी हा धडा शिकवते आहे.
उत्तर मला पाठ होतं.
ते सांगायचं, की सुरी उचलायची?

मी सुरी उचलली.

भोक मुठीएवढं झालं, आणि चादर उजळली.
घोड्याच्या कडा गेल्या,
डोंगर तळ्यात विरघळला,
तांबडं आधी पसरलं, मग फिकटलं,
मग नुसता उजेड.
भरपूर उजेड,
आणि त्यात कुणीच नाही.

कुत्रा भुंकला. दाराचा नमदा वर झाला.
मेंढ्यांना लस टोचणारा कुबात,
अंगात बायकोचं तांबडं जाकीट
(त्याचं दोरीवर वाळत होतं म्हणे),
हातात बर्फाची पेटी.
"अंधारात काय करताय सगळे?"
कुणीच बोललं नाही.
आंबवलेल्या दुधाचा वाडगा
गुलझातनंच त्याच्या पुढे केला,
दोन्ही हातांनी, रीत असते तसा.

दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत:
भोक लहान, तर चित्र नेमकं पण अंधारं.
भोक मोठं, तर उजेड पुष्कळ, चित्र नाही.
आणि खाली, मी न सांगितलेली ओळ:
मी लहान ठेवीन.

पहिल्या दोन ओळींना मी बरोबरची खूण केली.
तिसरीपाशी पेन बराच वेळ धरून बसले.
शुद्धलेखनाची एक चूक होती,
तीसुद्धा तशीच राहू दिली.

भोक शिवलं मी, पण पुरतं नाही.
मुठीचं वाटाण्याएवढं केलं.
रात्री तिथून वारा येतो, सासू कुरकुरते,
आणि सकाळी तिच्या गोधडीवर
तिला न विचारता
डोंगर डोक्यावर उभा राहतो.
काल गोधडीकडे बघत तीच म्हणाली,
"बर्फ कमी झालाय पलीकडचा,"
आणि बाहेर न डोकावता
चहा ठेवायला उठली.